गाडी बंद, भिलाई चालू

भिलाईत एखादा माणूस भर रस्त्यात डोक्याला हात लावून बसला, तर येणारे-जाणारे त्याच्याकडे एकवार बघतात आणि आपल्या वाटेनं जातात. असेल काही घरचं. पण त्याच जागी मोटार बंद पडू द्या. नुसतं बॉनेट वर करा. त्याला टेकू लावायच्या आत शेजारी एक स्कूटर थांबते आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, ओळखदेख नसताना, विचारतात, "क्या हुआ?" उत्तराची त्यांना गरज नसते. हेल्मेट डोक्यावरून उतरेपर्यंत काय झालंय ते त्यांना कळलेलं असतं.

यात माणसांचा दोष नाही, गावाच्या जन्माचा आहे. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून हे गाव एकाच गोष्टीला घाबरत आलंय. यंत्र थांबता कामा नये. ब्लास्ट फर्नेस दिवाळीची सुट्टी म्हणून विझवता येत नाही. ती वर्षानुवर्षं पेटती ठेवायची असते. मध्येच बिघडून गार झाली तर पोटातलं वितळलेलं लोखंड आतच थिजतं, आणि मग ते फोडून काढताना साहेबापासून खलाशापर्यंत सगळ्यांचे डोळे पांढरे होतात. कोक ओव्हनच्या सिलिकाच्या विटांचं तर आणखी नाजूक. एकदा तापल्या की त्यांना पुन्हा गार होऊ द्यायचं नाही, नाहीतर तडकतात. म्हणून सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा पाळ्या लावून दोन-तीन पिढ्या इथं काहीतरी चालू ठेवत आल्या आहेत. अशा ठिकाणी उभा जन्म काढलेला माणूस बंद पडलेल्या यंत्राशेजारून सरळ निघून गेला, तर त्याला रात्री झोप लागत नसणार.

आमची गाडी जुनी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. या वयात दोष वयाचा असतो, माहेरचा नव्हे. तिची नंबरप्लेट अजून एम.पी.ची आहे, म्हणजे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं तेव्हा ती आधीच आमच्या क्वार्टरसमोर उभी होती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉन्टॅक्ट पॉइंट अशी सगळी जुन्या पिढीची मंडळी तिच्या पोटात आहेत. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त नेऊन गाडी चालते असं सिद्ध करावं लागतं. ती चालते. तिथं तरी.

तिला आजार जडला तो मे महिन्यात. सकाळी भाजी आणायला काढली की एका सेल्फमध्ये सुरू. पण दुपारी सिव्हिक सेंटरहून निघून सेक्टर ९ च्या हॉस्पिटलपर्यंत जाऊन परतायचं म्हटलं, की वाटेत कुठेतरी मॅडम गप्प. खोकला नाही, झटका नाही. डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागतात आणि गाडी मुकाट्यानं सरपटत कडेला जाते. मग सेल्फ मारा, घर्र घर्र होतं, पण इंजिन काही पकडत नाही. अर्ध्या तासानं सेल्फ मारला की जणू काही झालंच नव्हतं.

या अर्ध्या तासात भिलाई जमते.

इथं निवृत्त माणसाला आडनावापेक्षा खात्यानं ओळखतात. त्यामुळे आमच्या बॉनेटभोवती जमलेली मंडळी अशी: फर्नेसवाले, कोक ओव्हनवाले, रेल मिलवाले, इन्स्ट्रुमेंटेशनवाले आणि फायनान्सवाले. तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, मराठी, पण सगळ्यांची हिंदी सारखीच, आणि सगळ्यांचा आत्मविश्वासही.

फर्नेसवाल्यांनी इंजिनकडे फक्त एक नजर टाकली. "हवा," ते म्हणाले. सेकंदाला किती घनमीटर तापलेली हवा भट्टीत शिरते यावर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ हवेत सापडतं. त्यांनी एअर फिल्टरचं झाकण काढायला लावलं. फिल्टर मळकट होता. मे महिन्यात भिलाईत काय मळकट नसतं? पण तो मळ बघून त्यांचा चेहरा असा फुलला की गाडी सुरू झाली काय आणि नाही काय. कोक ओव्हनवाल्यांचं म्हणणं, हवा नाही, गॅस. मिश्रण 'रिच' झालंय. चोक आत ढकला. रेल मिलवाले म्हणाले, चोक बाहेर ओढा. चोक मधोमध ठेवून आम्ही दोघांचाही मान राखला.

इन्स्ट्रुमेंटेशनवाले आतापर्यंत हाताची घडी घालून उभे होते. ते म्हणाले, "सेन्सर गया है." मी नम्रपणे सांगितलं की या गाडीत एकही सेन्सर नाही. त्यावर ते क्षणभरच थबकले. "वही तो प्रॉब्लेम है."

फायनान्सवाल्यांनी बॉनेटमध्ये डोकावलंसुद्धा नाही. त्यांनी गाडीचं वजन अंदाजलं, भंगाराचा भाव आठवला आणि मनातल्या मनात गुणाकार करून आकडा सांगितला. वर दिलासाही दिला. इथलं भंगार भट्टीतच जातं, त्यामुळे आमची गाडी वाया जाणार नाही. भिलाईतून २६० मीटर लांबीचे रूळ निघतात, त्यातल्या एखाद्या टोकाला ती असेल आणि तिच्यावरून राजधानी एक्स्प्रेस जाईल. ऐकून बायकोच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिचं माहेर नागपूर आहे, आणि रुळाच्या रूपानं का होईना, पण ही गाडी कुठेतरी वेळेवर पोचेल, ही कल्पनाच तिला नवी होती.

एवढ्यात सायकलवरून चाललेला एक पोऱ्या थांबला. हँडलला डबा, खांद्यावर गमछा. पेट्रोल संपलं का, हा सगळ्यांत साधा प्रश्न त्यानं छत्तीसगढीत विचारला, "पेट्रोल सिरागे का भैया?" झालं! सगळ्या खात्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो ओशाळून पुढे गेला. प्रश्न मात्र बरोबर होता. जुन्या गाडीचा काटा नेत्याच्या आश्वासनाइतपतच खरा. गाडी कडेनं हलवून टाकीतला डुचमळ ऐकावा लागतो. आम्ही हलवली. पेट्रोल होतं.

रेल मिलवाले मात्र पेट्रोलवरून हटेनात. टाकीत आहे, पण वर चढतंय का? त्यांच्या या शंकेमागे एक प्रीमियर पद्मिनी उभी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. ती विकून जमाना झाला, तरी ते अजून तिच्याच तोंडून बोलतात. दर उन्हाळ्यात लग्नासाठी नागपूरला जायचं. राजनांदगाव गेलं, बाघनदी ओलांडून महाराष्ट्रात शिरलं, की देवरी-साकोलीच्या मध्ये ती हमखास थांबायची. आम्ही भिलाईतली मराठी माणसं पुष्कळशी नागपूर-भंडाऱ्याकडची, त्यामुळे त्या टापूतलं कोणतं झाड कोणत्या गाडीचं, हे आमच्यात तोंडपाठ असतं.

त्या थांबण्याला व्हेपर लॉक म्हणतात, आणि ते अगदी खरं दुखणं आहे. जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच जोडलेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, त्यात इंजिनची धग, की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल ढकलता येतं. वाफ नुसती दबते आणि पुन्हा फुगते, पुढे सरकत नाही. कार्ब्युरेटर उपाशी. पद्मिनी काय, ॲम्बॅसडर काय, त्या काळी सगळ्यांवर एकच इलाज: पंपावर ओलं फडकं. कित्येक ड्रायव्हर उन्हाळाभर पंपाला फडकं बांधूनच फिरायचे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात, त्यानं जुन्या पंपाचे रबरी पडदेही लवकर कुरकुर करायला लागतात, ही माहिती त्यांनी वर जोडली आणि बायकोच्या पाण्याच्या बाटलीकडे हात केला.

फडकं भिजवलं, पंपावर ठेवलं, सेल्फ मारला. गाडी सुरू! रेल मिलवाल्यांनी चारी दिशांना पाहिलं. एखादा रूळ सरळ निघाला की ते असेच बघत असावेत.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण दोनच दिवसांनी फॉरेस्ट एव्हेन्यूवर गाडी पुन्हा बसली, पंपावरच्या फडक्यासकट. त्या दिवशी दुसरी मंडळी होती. त्यांच्यातल्या एकानं पेट्रोल टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं तर पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी टाकीत पोकळी होते, आणि शेवटी टाकी पेट्रोल सोडेनाशी होते. हेही खरं दुखणं आहे, नुसत्या टाचणीनं बरं होणारं. झाकण उघडलं, थोड्या वेळानं गाडी सुरू. त्यानंतरच्या खेपेला प्लग काढून पुसले, सुरू. एकदा बॅटरीचे टर्मिनल खरवडले, सुरू. एकदा काहीच सुचेना, तेव्हा सेक्टर ५ मधल्या एका काकूंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि म्हणाल्या, "नजर लागली हो, इतकी वर्षं टिकली ना." पाच-सात मिनिटांत गाडी सुरू. पुराव्याच्या दृष्टीनं लिंबाचा आणि फडक्याचा दर्जा सारखाच ठरला.

हे सगळं बायको मागच्या सीटवर बसून बघत होती. तिनं फ्लास्क आणायला सुरुवात केली होती. एकदा चहा ओतता ओतता म्हणाली, "अहो, तुम्ही लोक काही करा नाहीतर करू नका, ती अर्ध्या तासानं सुरू होते. आज कोणी थांबलं नाही तरी झालीच ना?" झाली होती खरी. पण हे वाक्य जमावात बोलण्यासारखं नव्हतं. ज्याचा हात शेवटी बॉनेटमध्ये असतो तो त्या दिवसाचा डॉक्टर, या नियमावर अख्ख्या गावाचा सलोखा टिकून आहे.

आणि सलोखा महाग पडत होता. प्रत्येक जण येऊन आधी सेल्फ मारायचा, शिवाय ॲक्सिलरेटर दाबत मारायचा. दाबला की कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी उडते. ठिणगी नसताना ती उडत राहिली की प्लग भिजतात, गाडी 'ओव्हर' होते. तिकडे सेल्फ बॅटरी पिऊन टाकतो. म्हणजे गाडी एका आजारानं थांबायची आणि शेवटच्या हितचिंतकापर्यंत तिला तीन आजार झालेले असायचे. मग धक्का. भिलाईत धक्का मारायला माणसं कमी पडत नाहीत; फक्त धक्का देतानाही निम्मे जण गियर कोणता टाकायचा यावर भांडत असतात.

शेवटी सुपेल्याचा मिस्त्री गाठला. हनुवटीवर दोन दिवसांची दाढी, खिशात टेस्टर, आणि एका वायरला जोडलेला बारीकसा बल्ब. आम्ही गाडी नेली, ती सुरू. त्यानं फेरी मारली, सुरूच. दुखरा दात डॉक्टरच्या जिन्यावर गप्प होतो तसं. त्यानं आमची सगळी हकीकत, म्हणजे सगळ्या खात्यांची निदानं, शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "झटके मारके बंद हुई, या एकदम?"

मी बायकोकडे पाहिलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पेट्रोल संपत आलं, अडलं, वाफ झाली, काहीही असो, गाडी आधी कुरकुरते. झटके देते, दम लागल्यासारखी ओढते, मग जाते. करंट गेला तर कोणी चावी फिरवल्यासारखी जाते. "एकदम," बायको म्हणाली. मिस्त्रीनं मान डोलावली. "तो पेट्रोल छोडो. लेकिन मैं मानूंगा नहीं, देखूंगा. बंद हालत में."

आता ती बंद कशी पाडायची? नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, चालू होता. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसला आणि आम्ही ऐन उन्हात निघालो. सिव्हिक सेंटर, सेक्टर ९, मरोदा, रिसाली, परत सेक्टर ६. गाडी नव्या नवरीसारखी चालत होती. मिस्त्रीचा डोळा लागला. मला आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडत नाही म्हणून घाम फुटला. अखेर तिनं जागा निवडली. मेन गेटकडच्या रस्त्यावर, दुपारी दोनला, शिफ्ट सुटायच्या मुहूर्तावर. आतापर्यंत आमची गाठ निवृत्तांशी होती. आता सेवेतले लोक हेल्मेटसकट आले, हजारोंच्या संख्येनं.

मिस्त्री जागा झाला आणि कोणाशी न बोलता कामाला लागला. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरला जाणारी जाड वायर उपटली, तिचं टोक इंजिनच्या अंगापासून बोटभराच्या आत आणलं आणि सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी टक टक उडायला हवी. काही नाही. "पकडो कोई," त्यानं वायर पुढे करत म्हटलं. त्या टोकाला कॉइल पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत जोर काढते हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि भिलाईच्या इतिहासात प्रथमच जमाव एक पाऊल मागे सरकला. मग त्यानं एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरमध्ये पाहत ॲक्सिलरेटरचा दांडा ओढला. पेट्रोलची पिचकारी नीट उडाली. पेट्रोल निर्दोष सुटलं, आणि त्याच्याबरोबर फडकं, झाकण, पंप, इथेनॉल सगळेच.

मग तो बल्ब. पॉइंट उघडे ठेवून कॉइलच्या एका टोकाला लावला, पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, विझलेलाच. करंट कॉइलमध्ये शिरत होता, बाहेर पडत नव्हता. कॉइलच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून त्यात कुठेतरी केसाएवढी चीर पडते. गार असताना दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात. तापली की विलग होतात आणि गाडी मरते. अर्ध्या तासानं पुन्हा टेकतात. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसलं आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइल आणखी तापते, हेही तो म्हणाला. इंजेक्शनच्या गाड्यांचं कौतुक सांगणाऱ्या एका तरुण कर्मचाऱ्याला त्यानं जाता जाता ऐकवलं की त्यांच्या क्रँक सेन्सरमध्येही तारेचंच वेटोळं असतं आणि तेही तापलं की असंच दगा देतं. फरक एवढाच की तिथं बॉनेटआधी लॅपटॉप उघडतात.

"मतलब सेन्सर!" गर्दीतून आवाज आला. इन्स्ट्रुमेंटेशनवाले सायंफेरीला दोनलाच निघाले होते वाटतं.

मिस्त्रीनं खात्रीसाठी शेवटची गोष्ट केली. बाटलीतल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि कॉइलवर गुंडाळलं. पाच-दहा मिनिटांत बल्ब दुसऱ्या टोकालाही पेटला, आणि गाडी सुरू झाली. सुपेल्यापर्यंत आम्ही फडक्यासकट गेलो आणि नवी कॉइल बसवली, इंजिनच्या धगीपासून थोडी दूर. त्यानंतर ती थांबलेली नाही.

संध्याकाळी बातमी स्ट्रीटभर झाली होती. रेल मिलवाल्यांचा दावा असा की ओल्या फडक्यानंच गाडी सुरू झाली, हे सर्वांनी पाहिलं. जागा दोन वीत इकडेतिकडे, एवढंच. फर्नेसवाल्यांच्या मते कॉइल तापली कारण तिला हवा मिळत नव्हती. कोक ओव्हनवाले म्हणाले की तापून-निवून तडा जातो, हे ते सिलिकाच्या विटांबद्दल कधीपासून सांगत आहेत. सेक्टर ५ च्या काकूंनी लिंबू काढू नका असा निरोप पाठवला. फायनान्सवाल्यांनी नव्या कॉइलची पावती मागून घेतली आणि हा भांडवली खर्च की देखभालीचा, यावर विचार करायला घरी नेली.

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी जुनी कॉइल नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मल्टिमीटर घेऊन दारात हजर. मीटरवर सुमारे तीन ओहम, एकदम ठणठणीत, बारा व्होल्टच्या कॉइलला असायला हवं तितकंच. "मिस्त्री ने बेवकूफ बनाया आपको." बायकोनं विचारलं, "भाऊजी, तुम्ही ती गरम करून मोजली का?" ते काही बोलले नाहीत. अर्ध्या तासानं त्यांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. गॅसवर पातेलं, पातेल्यात उकळतं पाणी, पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली कॉइल, आणि पिशवीतून वर आलेल्या दोन वायरी मीटरला. त्यांच्या मिसेस मला बोलावायला आल्या तेव्हा काटा तीनवरून उडून पार टोकाला गेला होता, आणि ते आनंदानं गॅस कमी-जास्त करत तो पुन्हा पुन्हा उडवून दाखवत होते. ग्राफ पेपर आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मिसेसना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या पातेल्यात आता खीर करायची की नाही.